जुन्या मोटारीचे अलॉय चाक : निवडीची शिस्त

अभिजात मोटारीची मूळ पोलादी चाके काढून त्या जागी अलॉय चाके, म्हणजे ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची चाके, बसवण्याचा निर्णय बहुतेक वेळा गाडीकडे बाजूने पाहून घेतला जातो. आऱ्यांची नक्षी, चकाकी आणि मडगार्डच्या कमानीखाली भरून राहिलेले टायर यांवर नजर ठरते, आणि माप, धातू व बोल्ट यांचा विचार नंतर दुकानदारावर सोपवला जातो. वस्तुतः चाक हा ब्रेक, बेअरिंग, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग या चारही यंत्रणांचा शेवटचा दुवा आहे, आणि त्या यंत्रणांची आखणी करताना अभियंत्यांनी चाकाचे विशिष्ट माप व वजन गृहीत धरलेले असते. त्यामुळे चाकाची निवड आतून बाहेर अशा क्रमाने व्हायला हवी. आधी हब, मग ब्रेक, मग सस्पेन्शन आणि मडगार्ड, मग गाडीच्या निर्मितीचा काळ, आणि या सर्वांतून जी मोजकी चाके शिल्लक राहतील त्यांत डोळ्यांची पसंती, हा तो क्रम होय.

मिश्रधातूच्या चाकाची परंपरा

मिश्रधातूचे चाक हे अलीकडचे फॅड आहे हा समज इतिहासाला धरून नाही. एत्तोरे बुगाती यांनी १९२४ साली लियाँ येथील ग्राँ प्री शर्यतीत उतरवलेल्या 'टाइप ३५' या गाडीला आठ रुंद, चपट्या आऱ्यांची ओतीव ॲल्युमिनियमची चाके होती आणि ब्रेकचा ड्रम चाकाशीच जोडलेला होता. चाक उतरवले की ब्रेकचे अस्तर समोर येई आणि ॲल्युमिनियममुळे ब्रेकची उष्णता लवकर बाहेर पडे, असा दुहेरी लाभ त्या रचनेत होता. १९५४ च्या 'जॅग्वार डी-टाइप'साठी डनलॉप कंपनीने भोके पाडलेल्या तबकडीसारखी हलकी चाके बनवली. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'मिनीलाइट' हे आठ आऱ्यांचे मॅग्नेशियमचे चाक रॅलीच्या गाड्यांवर दिसू लागले आणि ॲलेक इसिगोनिस यांच्या 'मिनी'शी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. १९६६ साली आलेल्या 'पोर्शे ९११ एस'साठी जर्मनीतील ओटो फुक्स कंपनीने पाच पाकळ्यांचे घडीव चाक तयार केले, आणि घडीव मिश्रधातूचे चाक सामान्य रस्त्यावर आले.

या सर्व उदाहरणांत चाकाचे रूप त्याच्या कामातून आलेले आहे. बुगातीच्या रुंद आऱ्या ब्रेकच्या उष्णतेसाठी होत्या, मिनीलाइटच्या आऱ्या खडकाळ रस्त्यावरील मार सोसण्यासाठी होत्या आणि फुक्सच्या पाकळ्यांचा आकार घडाईच्या प्रक्रियेला मानवेल असा होता. म्हणूनच आज अशा चाकाची प्रतिकृती घेताना त्या आकारामागील काम नव्या चाकातही होते आहे का, हे तपासणे आवश्यक ठरते.

मिश्रधातूचा मुख्य लाभ वजनात मानला जातो. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८५ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट आणि मॅग्नेशियमची १.७४ पट असते. चाक, टायर, ब्रेक आणि हब यांचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, म्हणजे स्प्रिंग त्याला तोलून धरत नाही, आणि या भागाला 'अनस्प्रंग' वजन असे म्हणतात. ते जितके कमी, तितके चाक खड्ड्यातून वर येऊन पुन्हा रस्त्याला लवकर टेकते आणि टायरची पकड टिकते. परंतु ॲल्युमिनियमची ताकद पोलादाहून कमी असल्याने चाकाची जाडी वाढवावी लागते, आणि व्यास व रुंदीही वाढवली तर स्वस्त ओतीव अलॉय चाक मूळ पोलादी चाकापेक्षा जड भरू शकते. अलॉय म्हणजे हलके असे गृहीत धरण्यापेक्षा चाक काट्यावर ठेवून वजन करणे अधिक शहाणपणाचे होय.

पुण्यात जुळवलेल्या गाडीचे उदाहरण

मापांचा प्रश्न समजून घेण्यासाठी महाराष्ट्राशी थेट नाते असलेली एक गाडी उपयोगी पडते. मर्सिडीज-बेंझची 'डब्ल्यू १२४' ही मालिका १९८४ च्या अखेरीस सादर झाली, आणि १९९५ पासून हीच गाडी टेल्को कंपनीच्या सहभागाने पुण्याजवळ पिंपरी येथे जुळवली जाऊ लागली. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे 'फिवा'ची, ऐतिहासिक वाहनासाठीची किमान वयोमर्यादा ३० वर्षे आहे. पिंपरीतून बाहेर पडलेल्या पहिल्या गाड्या आता त्या मर्यादेला पोहोचल्या असून त्यांच्या चाकांचा प्रश्न मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत आज प्रत्यक्ष उभा आहे.

पहिले माप पीसीडीचे. हबवरील बोल्टच्या केंद्रांतून काढलेल्या कल्पित वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टच्या केंद्रांमधील अंतर हाच तो व्यास असतो. पाच बोल्ट असतील तर समोरासमोर जोडी मिळत नाही, म्हणून शेजारच्या दोन केंद्रांमधील अंतर व्हर्नियरने मोजून त्याला १.७०१ ने गुणावे लागते. डब्ल्यू १२४ चा पीसीडी पाच बोल्टांवर ११२ मिलिमीटर आहे. हे माप फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांतही आढळते, आणि भारतात मिळणारी स्कोडा ऑक्टाव्हियाच्या नंतरच्या पिढ्यांची वापरलेली अलॉय चाके या गाडीला चालतील असे वाटण्याचे कारण हेच आहे.

तेथे दुसरे माप आडवे येते, ते मध्यछिद्राचे. मर्सिडीजच्या हबवरील उंचवटा ६६.६ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि ऑक्टाव्हियाच्या चाकाचे मध्यछिद्र ५७.१ मिलिमीटर आहे, त्यामुळे ते चाक हबवर चढतच नाही. लेथवर छिद्र मोठे करून घेण्याचा सल्ला अशा वेळी दिला जातो. म्हणजे चाकाचा सर्वाधिक ताण सोसणाऱ्या भागातून चहूबाजूंनी पावणेपाच मिलिमीटर धातू खरवडून काढायचा. चाकाच्या चाचण्या ज्या जाडीवर झाल्या ती जाडीच मग उरत नाही, म्हणून हा मार्ग सुरक्षित म्हणता येत नाही. उलट स्थिती, म्हणजे छिद्र मोठे आणि हब लहान असेल, तर नेमक्या मापाची मध्यकडी बसवून चाक केंद्रात आणता येते आणि ही पद्धत सर्वमान्य आहे.

तिसरे माप ऑफसेटचे, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि चाक हबला जेथे टेकते तो पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. तो चाकावर 'ईटी' या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. टेकण्याचा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूस असेल तर ऑफसेट धन मानतात, आणि तो जितका मोठा तितके चाक गाडीच्या आत शिरते. डब्ल्यू १२४ चे कंपनीचे अलॉय चाक १५ इंच व्यासाचे, साडेसहा इंच रुंदीचे आणि ईटी ४९ चे होते. याच मालिकेतील '५०० ई' या शक्तिशाली गाडीला १६ इंचांचे, आठ इंच रुंदीचे, ईटी ३४ चे चाक होते. एकाच कुळातील गाडीचे असल्याने ते मालिकेतील साध्या 'ई २२०' ला बसेलच, असा तर्क वारंवार केला जातो.

हा तर्क आकड्यांवर घासून पाहता येतो. साडेसहा इंच म्हणजे १६५.१ मिलिमीटर, त्याचा निम्मा भाग सुमारे ८२.५. त्यात ४९ मिळवले की चाकाची आतली कड हबच्या पृष्ठभागापासून सुमारे १३१.५ मिलिमीटर आत येते, आणि ४९ वजा केले की बाहेरची कड ३३.५ मिलिमीटर बाहेर येते. आठ इंच म्हणजे २०३.२ मिलिमीटर, निम्मा १०१.६, त्यामुळे आतली कड १३५.६ आणि बाहेरची ६७.६ वर जाते. म्हणजे नवे चाक आत जेमतेम चार मिलिमीटर सरकते, पण बाहेर तब्बल ३४ मिलिमीटर येते. ५०० ई ची मडगार्डे मुळातच फुगीर घडवलेली होती ती याचसाठी. साध्या गाडीवर हेच चाक बसवले तर गाडी भरलेली असताना खड्ड्यात टायर मडगार्डच्या कडेला घासू शकतो, आणि मग मडगार्डची कड आत ठोकून घेण्याची, म्हणजे मूळ पत्र्यालाच हात लावण्याची, पाळी येते.

मडगार्डला न घासतासुद्धा ऑफसेटचा परिणाम होतोच. ऑफसेट ४९ वरून ३४ वर आला की टायर रस्त्याला टेकण्याचा मध्यबिंदू १५ मिलिमीटर बाहेर जातो. बेअरिंगवर पडणाऱ्या भाराची तरफ तितकी लांब होते, आणि स्टिअरिंगची कल्पित वळणरेषा व टायरचा टेकणबिंदू यांतील अंतर बदलते. या अंतराला स्क्रब त्रिज्या म्हणतात, आणि ती बिघडली की खड्ड्यातील प्रत्येक झटका थेट स्टिअरिंगच्या चाकापर्यंत पोहोचतो. ऑफसेट जमत नाही म्हणून हब आणि चाक यांमध्ये स्पेसरची चकती घालणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण स्पेसरने जागा मिळते, पण तरफही वाढतेच.

बोल्टची बैठक आणि दीड मिलिमीटरचा मोह

चाक गाडीला धरून ठेवते ते बोल्टच्या नुसत्या ताकदीने नव्हे, तर बोल्ट घट्ट आवळल्यावर चाक आणि हब यांच्या पृष्ठभागांत निर्माण होणाऱ्या घर्षणाने. बोल्टचे डोके चाकातील बैठकीत पूर्ण टेकले तरच तो दाब समान पडतो. ही बैठक तीन प्रकारची असते : शंकूसारखी, चेंडूच्या भागासारखी गोलाकार आणि वॉशरवर टेकणारी सपाट. मर्सिडीज, पोर्शे आणि फोक्सवॅगन यांच्या मूळ चाकांत गोलाकार बैठक आढळते, तर बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य चाकांत शंकूची. शंकूचा बोल्ट गोल बैठकीत घातला तर तो एका बारीक कडेवर टेकतो, आवळताना पक्का लागल्यासारखा वाटतो, आणि ती कड झिजताच सैल होतो.

बोल्टची लांबीही तितकीच महत्त्वाची आहे. अलॉय चाकाचा मधला भाग पोलादी चाकापेक्षा जाड असल्याने त्याला लांब बोल्ट लागतो. बोल्टचे आटे हबमध्ये निदान बोल्टच्या व्यासाइतके खोल शिरले पाहिजेत असा संकेत आहे. १२ मिलिमीटर व्यासाचा आणि दीड मिलिमीटर आट्यांचा बोल्ट असेल, तर हाताने लावताना निदान आठ पूर्ण फेरे बसले पाहिजेत. हे फेरे मोजण्यास कोणतेही उपकरण लागत नाही, तरी ते मोजणारे थोडे. स्टेपनी पोलादी ठेवली असेल तर अडचण उलट दिशेने येते. अलॉयचे लांब बोल्ट पोलादी चाकातून आत जास्त बाहेर पडतात आणि मागच्या चाकांत पार्किंग ब्रेकच्या भागांना भिडू शकतात, म्हणून स्टेपनीसोबत आखूड बोल्टांचा वेगळा संच डिकीत ठेवणे हाच उपाय आहे.

'मिनी'सारख्या छोट्या गाडीत मोह आणखी बारीक असतो. तिचा पीसीडी चार बोल्टांवर चार इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर आहे, आणि आजच्या असंख्य छोट्या गाड्यांचा १०० मिलिमीटर. फरक अवघा १.६ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक भोक ०.८ मिलिमीटर आत. असे चाक स्टडवर ढकलले तर चढतेही. पण मग प्रत्येक नट बैठकीत तिरका टेकतो, स्टड प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकतो आणि सरळ होतो, आणि वाकण्या-सुटण्याच्या या लाखो आवर्तनांतून धातूला थकवा येतो. थकव्याने तुटणारा स्टड आधी सूचना देत नाही. जुन्या फियाटच्या ९८ मिलिमीटर पीसीडीवर १०० चे चाक चढवण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. चढते म्हणून बसते असे मानणे हीच येथील मूळ चूक होय.

टायर : व्यास तोच, भिंत वेगळी

चाक बदलले की टायर बदलतो, आणि टायरचा एकूण व्यास बदलला की स्पीडोमीटरचे वाचन, गिअरचा ताण आणि ब्रेकचा परिणाम हे सारे बदलते. डब्ल्यू १२४ चा मूळ टायर १९५/६५ आर १५ आहे. यातील १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के हा आकडा, आणि १५ हा इंचांतील रिमचा व्यास. भिंत त्यामुळे सुमारे १२७ मिलिमीटर आणि एकूण व्यास ६३४.५ मिलिमीटर येतो. १६ इंची रिमवर २०५/५५ घेतला तर व्यास ६३१.९ भरतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी फरक. १७ इंची रिमवर २२५/४५ घेतला तर व्यास ६३४.३, म्हणजे जवळजवळ मूळचाच.

कागदावर १७ इंची चाक असे निर्दोष ठरते. परंतु त्याच्या टायरची भिंत १०१ मिलिमीटर उरते, मूळच्या भिंतीहून २६ मिलिमीटर कमी. या गाडीची स्प्रिंगे आणि रबरी बुशे ज्या उंच भिंतीच्या मऊपणावर विसंबून आखली गेली, तो मऊपणा त्यातून जातो. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्याचा जो मार १५ इंची चाकावर टायर गिळून टाकतो, तो १७ इंचीवर रिमच्या कडेला बसतो, आणि तेथून बुशांना व बॉल जॉइंटना. महाराष्ट्रातील रस्त्यांचा विचार करता या गाडीसाठी १५ इंच हेच माप उत्तम, १६ इंच ही कमाल मर्यादा, असाच निष्कर्ष निघतो.

टायरची भारक्षमता ही दुय्यम बाब मानू नये. भिंतीवरील ९१ हा भारांक ६१५ किलो भार दर्शवतो, आणि नवा टायर मूळ भारांकाहून कमी असता कामा नये. चाकाच्या आतल्या बाजूस कोरलेली भारमर्यादाही त्याच न्यायाने, गाडीच्या जड आसावरील कमाल भाराच्या निम्म्याहून कमी चालणार नाही. वर्षाकाठी मोजकेच किलोमीटर धावणाऱ्या गाडीत टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, म्हणून भिंतीवरील चार आकडी तारीख वाचावी. २३१८ म्हणजे २०१८ च्या २३ व्या आठवड्यातील टायर.

धातूची पारख

बहुतेक अलॉय चाके ओतीव असतात. सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि अल्प मॅग्नेशियम असलेले ॲल्युमिनियम साच्यात ओतून, नंतर तापवून, पाण्यात विझवून आणि पुन्हा मंद आचेवर मुरवून त्याला ताकद आणली जाते. घडीव चाकात तापवलेल्या धातूच्या ठोकळ्यावर प्रचंड दाब देऊन आकार काढतात. त्यातील कण दाट आणि सलग होतात, पोकळ्या उरत नाहीत, आणि कमी धातूत तीच ताकद मिळते. मर्सिडीजच्या त्याआधीच्या 'डब्ल्यू १२३' मालिकेची फुक्सने बनवलेली चाके घडीव होती, आणि म्हणूनच चाळीस वर्षांनंतरही त्यांचे जुने संच निवडीच्या योग्यतेचे राहिले आहेत.

जुने मूळ चाक घ्यावे की नवी प्रतिकृती, याचे उत्तर तपासणीवर अवलंबून आहे. जुन्या चाकाचा रंग काढून आऱ्यांच्या मुळाशी आणि बोल्टच्या भोकांभोवती रंगद्रवाची चाचणी करावी. हा पातळ रंगीत द्रव केसाएवढ्या तड्यात शिरतो आणि वर भुकटी टाकताच तड्याची रेघ उमटते. चाक फिरवून डायल गेजने त्याचा डोल मोजावा. रिमच्या बाहेरील कडेवरची खरचट ही फारशी काळजीची बाब नव्हे, पण आऱ्यावर किंवा हबच्या भागात वेल्डिंग केलेले दिसले तर ते चाक प्रदर्शनापुरतेच ठेवावे. बेंड काढण्यासाठी चाक गॅसच्या ज्योतीवर तापवण्याची रस्त्याकडेच्या दुकानांतील रीत घातक आहे, कारण मंद आचेवर मुरवून आणलेली ताकद ज्योतीच्या उष्णतेत निघून जाते आणि वरून चाक मात्र सरळ व सुंदर दिसते. पावडर कोटिंगची भट्टीही याच कारणाने मर्यादित तापमानाची आणि थोड्या वेळाची असावी. मॅग्नेशियमच्या जुन्या चाकांबाबत सावधगिरी दुप्पट हवी. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत हा धातू रंगाखाली झपाट्याने कुजतो, म्हणून नियमित चालवायच्या गाडीसाठी त्याच आकाराचे ॲल्युमिनियमचे चाक निवडणे योग्य.

नव्या चाकावर जपानचे 'जेडब्ल्यूएल' चिन्ह पाहण्याची पद्धत आहे. वाकवण्याच्या, भाराखाली फिरवण्याच्या आणि आघाताच्या चाचण्या त्या चिन्हामागे अपेक्षित असतात. परंतु चिन्ह ओतणे सोपे आहे, त्यामुळे निर्मात्याचे नाव, माप, ईटी आणि भारमर्यादा हे चारही तपशील चाकावर कोरलेले नसतील तर ते चाक नाकारणेच श्रेयस्कर.

काळ, कायदा आणि परतीची वाट

मापे जुळल्यावर काळाचा प्रश्न उरतो. मिनीवर मिनीलाइट, ९११ वर फुक्स, डब्ल्यू १२४ वर कंपनीचेच आठ भोकांचे किंवा पंधरा भोकांचे सपाट चाक, या जोड्या शोभतात, कारण त्या त्या काळात त्या खऱ्याच रस्त्यावर होत्या. मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आणि हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर यांची गोष्ट निराळी. पद्मिनीचा ५.२०-१४ आणि ॲम्बेसेडरचा ५.९०-१५ हे अरुंद, उंच टायर आणि क्रोमच्या टोपीची पोलादी चाके हेच त्या गाड्यांचे खरे रूप आहे. अशा गाडीला पोलादी चाके सरळ करून, रंगवून, नीट बॅलन्स करून घेणे ही निवड अलॉयपेक्षा श्रेष्ठ ठरते, आणि ती कमीपणाची मुळीच नाही.

कायद्याचा धागाही येथे येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०२१ साली केंद्राने आणलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली वाहने अपेक्षित आहेत. चाकांसाठी ठोकलेले किंवा कापलेले मडगार्ड अशा नोंदणीच्या वेळी गाडीच्या विरुद्ध साक्ष देऊ शकते.

फिवाने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा गाभाही हाच आहे की ऐतिहासिक वाहनात आवश्यक तेवढेच बदल करावेत, ते उलटवता येण्याजोगे असावेत आणि त्यांची नोंद ठेवावी. चाक हा या कसोटीला सर्वांत सहज उतरणारा बदल आहे, पण एका अटीवर : त्यासाठी पत्रा, हब, स्टड किंवा चाकाचे मध्यछिद्र कापलेले नसावे. ही अट पाळायची तर मूळ पाच चाके, त्यांच्या टोप्या आणि बोल्ट कोरड्या जागी जपून ठेवावेत, नव्या चाकांची मापे गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावीत, हबच्या उंचवट्यावर गंजरोधक वंगणाचा पातळ थर द्यावा पण बोल्टच्या बैठकीला वंगण लावू नये, बोल्ट टॉर्क रेंचने निर्मात्याच्या मापाला, डब्ल्यू १२४ बाबत ११० न्यूटन-मीटरला, आवळावेत आणि सुमारे शंभर किलोमीटर धावल्यावर ते पुन्हा तपासावेत. इतके केले तर पुढचा मालक एका दुपारीत गाडी मूळ चाकांवर आणू शकतो. ज्या निवडीनंतर ही मुभा शिल्लक राहते, तीच अभिजात मोटारीसाठी योग्य निवड म्हणावी. ती मुभा हिरावून घेणारे चाक कितीही देखणे असले तरी ते त्या गाडीचे नव्हे.